हार्ट फेल्युअरचा पेशंट बरा होऊन घरी जातो, मग महिन्याभरात परत ॲडमिट का होतो?

"दोन दिवस धड जेवले नाहीत, अंगात त्राण नाही, मग सलाईन का लावत नाही तुम्ही?"

हार्ट फेल्युअरच्या पेशंटचे नातेवाईक डॉक्टरांना हा प्रश्न हमखास विचारतात. त्यांचंही चुकत नाही. आपल्याकडे 'ताकद भरून यावी' म्हणून सलाईन लावून घेण्याची सवय इतकी मुरलेली आहे की, हॉस्पिटलमध्ये भरती झालेल्या माणसाला बाटली लावली नाही तर उपचारच सुरू झाले नाहीत असं वाटतं. इथे मात्र डॉक्टर नेमकं उलटं करत असतात. त्यांना शरीरातलं पाणी बाहेर काढायचं असतं. कधी तीन लिटर, कधी सात-आठ लिटर.

ऐकायला हे काम सोपं वाटतं. लघवी वाढवणारं इंजेक्शन द्यायचं, पाणी निघून जाईल, पेशंट घरी. प्रत्यक्षात किती पाणी काढायचं, किती वेगाने काढायचं आणि मुख्य म्हणजे ते पुरेसं निघालं हे कशावरून ठरवायचं, यावर गेली पंधरा वर्षं जगभर एकामागून एक चाचण्या चालू आहेत. त्यातून काय हाती लागलं आणि घरच्या माणसांनी त्यातलं काय लक्षात ठेवायचं, ते समजून घेऊ.

आधी एक गैरसमज

मराठीत 'हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला. त्यामुळे केसपेपरवर 'हार्ट फेल्युअर' लिहिलेलं पाहून घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते. पण हा हार्ट अटॅक नव्हे आणि हृदय बंद पडणंही नव्हे. हृदय चालू असतं, फक्त शरीराला लागेल तेवढं रक्त ते नीट पंप करू शकत नाही. जुना हार्ट अटॅक, वर्षानुवर्षं अंगावर काढलेलं ब्लडप्रेशर, झडपांचा आजार, स्नायू कमकुवत होणं, अशी बरीच कारणं त्यामागे असतात.

आजार मात्र गंभीर आहे, यात शंका नाही. भारतातल्या ५३ हॉस्पिटलमधल्या १०,८५१ पेशंटची नोंद ठेवणाऱ्या नॅशनल हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीनुसार, भरती झालेल्यांपैकी १४.२ टक्के पेशंट ९० दिवसांच्या आत दगावले. त्यांचं सरासरी वय होतं ६० च्या आसपास. श्रीमंत देशांमध्ये हा आजार साधारण त्याहून दहा वर्षं उशिरा गाठतो.

हृदय बिघडलं, मग पाणी कुठून आलं?

गोंधळ किडनीचा होतो. निरोगी माणसाच्या किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला ९९ टक्के परत रक्तात घेतात. उरतो तो दीड-दोन लिटर लघवीच्या रूपाने बाहेर जातो. हृदय कमी रक्त ढकलायला लागलं की किडनीकडे येणारा प्रवाह घटतो. किडनीला त्याचं खरं कारण कळत नाही. तिला वाटतं, माणसाच्या अंगातलं रक्त किंवा पाणी कमी झालंय. मग ती मीठ आणि पाणी धरून ठेवते.

हजारो वर्षं ही युक्ती माणसाच्या कामाची होती. जखमेतून रक्त वाहिलं, जुलाब झाले, उन्हात पाणी मिळालं नाही, तर जीव वाचायचा. पण हृदय कमकुवत असताना हेच पाणी उलटतं. आधी पाय सुजतात, मग पोट फुगतं, शेवटी फुप्फुसात पाणी झिरपायला लागतं आणि पेशंटला आडवं झोपता येत नाही. दोन उशा, मग तीन उशा, मग खुर्चीत बसून रात्र काढायची.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. 'छातीत पाणी झालं' हे आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी म्हणतो. फुप्फुसाच्या बाहेर, त्याच्या आवरणात साठलेलं पाणी सुईने काढता येतं. फुप्फुसाच्या आतच झिरपलेलं पाणी सुईने निघत नाही. त्याला किडनीवाटेच बाहेर पडावं लागतं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. साधं सलाईन म्हणजे ०.९ टक्के मिठाचं पाणी. ५०० मिलीच्या एका बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा असं सांगते. म्हणजे सुजलेल्या पेशंटला 'ताकदीसाठी' लावलेली एक बाटली जवळपास दिवसभराचं मीठ थेट शिरेत सोडते. काही पेशंटना सलाईन खरंच लागतं, उदाहरणार्थ जुलाबाने शरीर कोरडं पडलं असेल तर. पण तो निर्णय तपासून घ्यायचा असतो, नातेवाईकांच्या आग्रहाखातर नाही.

साठ वर्षांचं जुनं इंजेक्शन

पाणी काढण्यासाठी आजही पहिलं हत्यार आहे फ्युरोसेमाइड. आपल्याकडे ते 'लॅसिक्स' नावाने जास्त ओळखलं जातं. १९६० च्या दशकात ते बाजारात आलं. त्याआधीची पद्धत ऐकून अंगावर काटा येतो. सुजलेल्या पायांत बारीक नळ्या खुपसून पाणी गळू देत, आणि विसाव्या शतकात तर पाऱ्याची इंजेक्शनं देत. पाऱ्याचा हा गुण सापडला तोही अपघातानेच. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात सिफिलिसच्या पेशंटला पाऱ्याचं औषध दिल्यावर लघवी प्रचंड वाढलेली दिसली.

फ्युरोसेमाइड किडनीतल्या बारीक नळ्यांमध्ये मीठ परत शोषून घेणारी एक यंत्रणा बंद करतं. मीठ बाहेर जातं, त्याच्यामागे पाणी जातं. पण या औषधाची एक खोड आहे आणि ती समजली की पुढचं बरंच कळतं. त्याचा डोस एका उंबरठ्याच्या खाली असेल तर परिणाम थोडा कमी होत नाही, जवळपास होतच नाही. आणि हा उंबरठा प्रत्येकाचा वेगळा असतो. किडनी कमकुवत असेल किंवा पेशंट वर्षानुवर्षं तीच गोळी घेत असेल तर तो आणखी वर सरकतो.

गोळीची दुसरी अडचण म्हणजे ती सरासरी निम्मीच शोषली जाते, आणि त्यातही माणसामाणसांत मोठा फरक असतो. आतड्यालाही सूज आलेली असेल तर शोषण आणखी रेंगाळतं. म्हणून 'घरी गोळी चालूच होती, मग तेच औषध शिरेतून देण्यासाठी भरती कशाला' या प्रश्नाचं उत्तर असं की, तेच औषध शिरेतून वेगळं वागतं.

डोस किती द्यायचा यावर २०११ साली ३०८ पेशंटवर अमेरिका आणि कॅनडात झालेली 'डोस' नावाची चाचणी मैलाचा दगड मानली जाते. पेशंट घरी जेवढं औषध घेत होता तेवढंच शिरेतून द्यायचं की त्याच्या अडीचपट? आणि दिवसातून दोनदा टोचायचं की सतत थेंब-थेंब सोडायचं? दोनदा की सतत, याने फारसा फरक पडला नाही. मोठा आणि छोटा डोस यांच्या मुख्य निकालातही ठोस फरक निघाला नाही. पण मोठ्या डोसच्या गटात पाणी आणि वजन जास्त उतरलं, दमही अधिक कमी झाला. किडनीचे आकडे काही जणांत बिघडले, पण ते तात्पुरते. थोडक्यात, घाबरत-घाबरत छोट्या डोसने सुरुवात करण्यात काही शहाणपण नाही.

पहिले सहा तास

मोठा बदल झालाय तो वाट पाहण्याच्या पद्धतीत. पूर्वी सकाळच्या राउंडला इंजेक्शन लिहिलं जायचं आणि दुसऱ्या सकाळी 'किती लघवी झाली?' असं विचारलं जायचं. औषधाचा परिणाम सहा तासांत ओसरतो, मग उरलेले अठरा तास वाया. युरोपीय हृदयरोग संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की, पहिलं इंजेक्शन दिल्यावर दोन तासांनी लघवीतलं सोडियम तपासा आणि पहिल्या सहा तासांतली लघवी मोजा. ताशी १०० ते १५० मिलीपेक्षा कमी होत असेल तर डोस दुप्पट करा, उद्यावर ढकलू नका.

सोडियमची तपासणी सगळीकडे लगेच होईल असं नाही. लघवी मोजायला मात्र खुणा असलेलं एक भांडं पुरतं. सरकारी हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात हे काम बहुतेक वेळा नातेवाईकांच्याच अंगावर येतं आणि ते कंटाळवाणं, संकोचाचं वाटतं. रात्रीची दोन वेळची लघवी मोजायची राहून गेली की सकाळी डॉक्टरांच्या हातात चुकीचा आकडा पडतो आणि त्यावरून डोस ठरतो. वॉर्डातली इतर यंत्रं कितीही महाग असोत, त्या दिवसाचा निर्णय या भांड्यावर आणि वजनकाट्यावरच ठरतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, इतकं सरळ गणित. जेवण आणि औषधांचा हिशोब चुकू शकतो, काटा सहसा चुकत नाही.

एवढं करूनही पाणी निघालं नाही तर? मग दुसरं औषध जोडतात. बेल्जियममध्ये ५१९ पेशंटवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ॲडव्हॉर' चाचणीत फ्युरोसेमाइडसोबत ॲसिटाझोलामाइड दिलं गेलं. हे औषध हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांना चांगलंच ठाऊक आहे, उंचीवरचा त्रास टाळायला जी 'डायमॉक्स' घेतात तीच ही. तीन दिवसांत सूज पूर्ण उतरल्याचं प्रमाण ३०.५ टक्क्यांवरून ४२.२ टक्क्यांवर गेलं. बातम्या या वाढीच्या झाल्या. मला मात्र त्या आकड्याची दुसरी बाजू जास्त बोलकी वाटते. दोन औषधं, चाचणीतली काटेकोर देखरेख, आणि तरीही निम्म्याहून अधिक पेशंटच्या अंगातलं पाणी तीन दिवसांत पूर्ण गेलं नव्हतं.

'मशीन लावून एकदाचं ओढून काढा ना' असंही विचारलं जातं. तसं मशीन आहे, डायलिसिससारखं रक्तातून पाणी गाळणारं. पण २०१२ च्या 'कॅरेस' चाचणीत १८८ पेशंटमध्ये औषधांनीच नीट टप्प्याटप्प्याने केलेला उपचार मशीनपेक्षा सरस ठरला. मशीनच्या गटात वजन तेवढंच उतरलं, पण किडनीचं जास्त बिघडलं आणि इतर गुंतागुंतही वाढली. त्यामुळे औषधं हरली तरच मशीन.

क्रिएटिनिनची भीती

उपचार अर्ध्यावर थांबतात ते बऱ्याचदा इथे. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट येतो, क्रिएटिनिन १.४ वरून १.७ झालेलं असतं. नातेवाईकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'किडनी फेल होतेय' अशी खळबळ उडते. लघवीचं इंजेक्शन बंद करा असा दबाव येतो आणि कधीकधी डॉक्टरही हात आखडता घेतात.

क्रिएटिनिन वाढलं म्हणजे दर वेळी किडनीला इजा झाली असं नसतं. सूज उतरत असेल, लघवी चांगली होत असेल, ब्लडप्रेशर टिकून असेल आणि क्रिएटिनिन थोडं वाढलं असेल, तर अशा पेशंटचं पुढे वाईट होतंच असं दिसलेलं नाही. खरा धोका आहे तो क्रिएटिनिनही वाढतंय आणि सूजही तशीच आहे, या जोडीत. शिवाय किडनीच्या शिरांमध्ये रक्त तुंबलेलं असेल तर पाणी काढल्यावर किडनी सुधारतेसुद्धा. म्हणून त्या दिवशी डॉक्टरांना विचारायचा प्रश्न 'किडनी खराब झाली का?' हा नाही. 'सूज अजून किती शिल्लक आहे?' हा आहे.

'आता बरं वाटतंय' हीच अडचण

फुप्फुसातलं पाणी थोडं कमी झालं की दम झटकन कमी होतो. पेशंट आडवा झोपतो, चहा मागतो, घरी जायचं म्हणतो. बिलाचा आकडा रोज वाढतोय, घरून डबा आणणारा माणूस थकलाय, वॉर्डात बेडसाठी रांग आहे. सगळ्यांनाच डिस्चार्ज हवा असतो. पण दम जाणं आणि पाणी जाणं एक नव्हे. घोट्यावर बोट दाबलं तर खळगा अजून पडतो, मानेची शीर अजून फुगलेली असते, आणि वजन भरतीच्या दिवसापेक्षा किलोभरच कमी असतं.

अमेरिकेतल्या एका मोठ्या राष्ट्रीय नोंदवहीत वीस वर्षांपूर्वीच दिसलं होतं की, हार्ट फेल्युअरसाठी भरती झालेल्यांपैकी जवळपास निम्मे पेशंट सव्वादोन किलोही वजन न उतरता घरी जातात. काहींचं तर हॉस्पिटलमध्ये असताना वाढतं. असे 'ओले' घरी गेलेले पेशंटच पुन्हा भरती होण्याची आणि दगावण्याची शक्यता जास्त असते, हे नंतर वेगवेगळ्या अभ्यासांत दिसत राहिलं. शीर्षकातल्या प्रश्नाचं सगळं नाही, पण मोठं उत्तर हेच आहे. तो परत आजारी पडत नाही, पहिल्याच आजारातून अर्धवट सुटलेला असतो.

पाणी किती प्यायचं?

'दिवसाला एक लिटरच' असं सांगितलेले पेशंट ओठ चाटत, बर्फाचा तुकडा चघळत दिवस काढतात. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात ही शिक्षाच आहे. आणि तिला आधार किती होता? ब्राझीलमध्ये ७५ भरती पेशंटवर झालेल्या एका चाचणीत काहींना दिवसाला ८०० मिली द्रव आणि अगदी कमी मीठ एवढ्यावर ठेवलं. २०१३ मध्ये निकाल आला. वजन दोन्ही गटांत सारखंच उतरलं, तहान मात्र बंधन असलेल्यांना जास्त सोसावी लागली.

मार्च २०२५ मध्ये नेदरलँड्समधल्या 'फ्रेश-अप' या ५०४ पेशंटच्या चाचणीचा निकाल शिकागोच्या परिषदेत मांडला गेला. एका गटाला दीड लिटरची मर्यादा, दुसऱ्याला तहान लागेल तेवढं. तीन महिन्यांनी प्रकृतीत दोन्ही गट जवळपास सारखे होते. तहानेचा त्रास बंधनातल्या गटाला जास्त. सोशल मीडियावर यातून 'हार्ट पेशंटने हवं तेवढं पाणी प्या' असे रील्स निघाले तर ती चूक ठरेल, कारण या चाचणीत घरी असलेले, स्थिर पेशंट होते. अंग सुजून भरती झालेले किंवा रक्तातलं सोडियम खूप घसरलेले पेशंट वेगळे. त्यांना डॉक्टर मर्यादा घालतील तर ती पाळायची. पण घरी स्थिर असलेल्या आजोबांचा तांब्या लपवून ठेवायची गरज आहे का, हे पुढच्या तपासणीला जरूर विचारा.

मिठाची गोष्ट थोडी वेगळी. फार कडक मीठबंदीने मृत्यू किंवा भरती कमी होते, असं २०२२ च्या ८०६ पेशंटच्या 'सोडियम-एचएफ' चाचणीत सिद्ध झालं नाही. म्हणून लोणचं, पापड, सुकट, फरसाण मोकळं सुटलं असं नाही. त्या चाचणीतले पेशंट आधीच बेताचं मीठ खात होते, आपल्या ताटातलं मीठ त्यापेक्षा बरंच जास्त असतं. सैंधव मीठ 'चालतं' हा समज तर सोडूनच द्या, तेही सोडियम क्लोराइडच. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं, आणि या पेशंटच्या बऱ्याच गोळ्या पोटॅशियम वाढवणाऱ्या असतात. विचारल्याशिवाय ते सुरू करणं धोक्याचं.

घरी आल्यावर

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन करायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं तर दम लागायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा. उलट, उन्हाळ्यात किंवा जुलाब-उलट्या होऊन वजन झपाट्याने उतरलं, उठताना चक्कर आली, तरी फोन करायचा, कारण तेव्हा लघवीची गोळी कमी करावी लागू शकते. गुडघेदुखीवर मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी मीठ-पाणी धरून ठेवते आणि लघवीच्या गोळीचा परिणाम मारते. कोणालाही न कळता झालेल्या कित्येक भरतींमागे ही गोळी असते.

आणखी एक कारण कुठल्याच चाचणीत येत नाही. एसटीने लांब जायचंय, वाटेत धड स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नाही, म्हणून त्या दिवशीची लघवीची गोळी चुकवली जाते. बायका तर हे सर्रास करतात, आणि सांगत नाहीत. गोळी चुकवण्यापेक्षा तिची वेळ पुढे-मागे करता येते. डॉक्टरांना आधी तसं विचारलं तर ते सहसा हो म्हणतात.

लघवीची गोळी फक्त पाणी काढते. आयुष्य वाढवणाऱ्या गोळ्या वेगळ्या असतात, आणि त्या डिस्चार्जनंतर पटापट पूर्ण डोसपर्यंत नेल्या तर काय होतं हे २०२२ च्या 'स्ट्राँग-एचएफ' चाचणीने दाखवलं. १,०७८ पेशंट होते. दर एक-दोन आठवड्यांनी बोलावून डोस वाढवलेल्या गटात १८० दिवसांत मृत्यू किंवा पुन्हा भरती १५.२ टक्के, नेहमीच्या पद्धतीत २३.३ टक्के. फरक इतका ठळक होता की चाचणी वेळेआधी थांबवली. यातल्या काही गोळ्या आपल्याकडे परवडत नव्हत्या. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं आणि साठ रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या गोळीला दहा रुपयांच्या आतले पर्याय आले. डापाग्लिफ्लोझिन त्याआधीच स्वस्त झालं होतं. जुन्या चिठ्ठीवर 'महाग म्हणून नको' असं ठरवलं गेलं असेल तर तो विषय पुन्हा काढायला हरकत नाही.

डिस्चार्ज कार्ड हातात पडलं की त्यावर औषधांची यादी असते, पुढची तारीख असते, बिल वेगळं जोडलेलं असतं. शोधायचा आहे तो एक आकडा: सूज उतरल्यावरचं, घरी जातानाचं वजन. पुढचे सगळे महिने काट्यावरची तुलना याच आकड्याशी होणार असते. तो तिथे लिहिलेला नसेल तर वॉर्डातून बाहेर पडण्याआधी पेशंटला काट्यावर उभं करा आणि लिहून घ्या.